वॉरगेमचे नियम : इतिहासाशी जुळवणी

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे नकाशावर नाहीतर मांडलेल्या जमिनीवर बाहुल्या किंवा ठोकळे हलवून, फासे टाकून खेळायची लढाई. तयार रूलबुक एखाद्या ठराविक लढाईला, तिथल्या हत्यारांना, मातीला, माणसांना जुळावं म्हणून त्यात जे फेरफार करतात त्यांची ही नोंद. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं दिवाळीला लाल मातीचा किल्ला करून मावळे मांडलेत त्यांना यातला पहिला घोळ सांगायला नको, मावळा कायम दरवाजापेक्षा उंच.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. चतुरंग (साधारण ६वं-७वं शतक) हेच मूळ म्हणणारे बरेच, आणि आपल्याला ते ऐकायला बरंही वाटतं, पण चतुरंगात जमीन सगळीकडं सारखी, प्यादं थकत नाही, घोडा बुजत नाही. ब्रन्सविकच्या हेल्विगनं १७८० च्या सुमारास बुद्धिबळाचाच पट वाढवून घरांना वेगवेगळा भूभाग दिला म्हणून काहीजण पहिला मान त्याला देतात. प्रशियातल्या थोरल्या राइसविट्झनं १८१२ च्या आसपास घरंच काढून टाकली, धाकट्यानं, म्हणजे त्याच्या मुलानं, १८२४ मध्ये नियम छापले : १:८००० चा नकाशा, एक खेळी म्हणजे २ मिनिटं, नुकसान फाशावर, आणि मधे पंच. 'जुळवणी' इथूनच मोजावी हे जास्त पटतं, कारण वेळ आणि अंतर यांचा एकमेकांशी हिशेब इथं लागतो. पुढं १८७६ मध्ये प्रशियाच्याच व्हेर्डी द्यु व्हेर्नॉय या लष्करी अधिकाऱ्यानं तक्ते (फाशाच्या आकड्यावरून नुकसान सांगणारे) बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोडला. तक्ता खरा का पंच खरा, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या १९१३ च्या खेळात स्प्रिंगच्या तोफांनी शिपाई पाडायचे, मजा होती, पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध थोडाच.

हिशेब असा. ब्रिटिश पायदळाची साधी चाल मिनिटाला ७५ पावलं, पाऊल ३० इंचाचं, म्हणजे साधारण ५७ मीटर. टेबलावर १ सेंमी = १० मीटर धरलं तर २ मिनिटांच्या खेळीत साडेअकरा सेंमी, आणि ब्राउन बेस बंदुकीचा कामाचा पल्ला ९० मीटरच्या आसपास म्हणजे ९ सेंमी. एवढं केलं की लगेच दिसतं, २८ मिमीची बाहुली त्याच मापानं २८ मीटर उंच झाली की! म्हणून बाहुली म्हणजे माणूस नाही, पंचवीस-तीस माणसांची खूण, असं मानून पुढं जायचं.

कित्तूर संस्थान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची लढाई घेऊन बघा, योगायोगानं साल राइसविट्झच्या नियमांचंच, १८२४. २३ ऑक्टोबरला कित्तूरकर किल्ल्याचं दार उघडून अचानक बाहेर पडले, कलेक्टर थॅकरे मारला गेला, दोन अधिकारी कैद झाले. नुसता तोफा-बंदुकांचा तक्ता लावला तर ही लढाई बहुतेक वेळा कंपनीच जिंकते. मग लोक कित्तूरकरांना फाशावर +२ देऊन मोकळे होतात, पण त्यानं काही जुळत नाही. खरी गोष्ट ही होती की दार कधी उघडेल हे बाहेरच्यांना माहीत नव्हतं. म्हणून कित्तूरच्या खेळाडूनं खेळीचा आकडा चिठ्ठीवर लिहून आधीच पंचाकडं द्यायचा, समोरच्यानं तोफा कुठं लावायच्या ते आंधळेपणानं ठरवायचं. थॅकरेची बाहुली पडली की कंपनीकडं दोन खेळ्या नवा हुकूम नाही, पलटण आहे तिथं उभी, नाहीतर मागं. आकडे वाढवण्यापेक्षा खेळाडूच्या हातातली माहिती कमी करणारे असले नियम जास्त कामाचे.

जमिनीचं थोडक्यात : बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती ओली असली की बैलांच्या तोफगाडीची चाल निम्मी, खानापूरच्या जंगलात रांग धरून चालणं बंद.

हेच नियम डिसेंबरच्या लढाईवर लावून बघायचे. कंपनी मोठी फौज घेऊन परत आली आणि पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. तिथंही जर कित्तूरच दरवेळी जिंकायलं तर नियम ऑक्टोबरपुरतेच शिवलेत, उसवून परत घाला.