ग्राहक अन्न किंमत निर्देशांक (भारत)

कुटुंबे खाण्यासाठी जे पदार्थ विकत घेतात, त्यांच्या किरकोळ किमतींतील बदल मोजणारा निर्देशांक. केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय तो दरमहा प्रसिद्ध करते आणि मे २०१४ पासून त्याचे आकडे स्वतंत्रपणे दिले जातात. वर्तमानपत्रांत अन्न महागाईचा जो दर छापला जातो, तो बहुधा या निर्देशांकाची मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना असते.

कुटुंबाचा सर्व प्रकारचा खर्च धरणाऱ्या एकूण ग्राहक किंमत निर्देशांकातील ‘अन्न व पेये’ हा गट याहून व्यापक आहे. तुलनेसाठी २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत त्या गटाचा भार, म्हणजे एकूण निर्देशांकातील वाटा, ४५.८६ टक्के, तर अन्न निर्देशांकाचा ३९.०६ टक्के होता. मद्यविरहित पेये आणि तयार जेवण, फराळ व मिठाई हे दोन उपगट वगळल्यामुळे हा फरक पडत असे. त्यामुळे चहापत्ती महागली किंवा खानावळीच्या ताटाचा दर वाढला, तर त्याची नोंद एकूण निर्देशांकात होते, अन्न निर्देशांकात होत नाही. त्या मालिकेत उरलेल्या पदार्थांत तृणधान्यांचा भार सर्वांत मोठा (९.६७ टक्के) असून त्याखालोखाल दूध व दुग्धजन्य पदार्थ (६.६१) आणि भाजीपाला (६.०४) येत असे.

हे भार २०११-१२ च्या कौटुंबिक खर्च पाहणीवरून ठरले. ग्रामीण निर्देशांकात अन्न निर्देशांकाचा भार ४७.२५ टक्के, तर शहरी निर्देशांकात २९.६२ टक्के होता. म्हणूनच डाळ किंवा तेल सर्वत्र सारखेच महागले, तरी ग्रामीण महागाईचा आकडा अधिक चढतो. शिवाय भार एकूण खर्चावरून काढले जात असल्याने जास्त खर्च करणाऱ्या कुटुंबांचा प्रभाव त्यांवर अधिक पडतो, आणि जिची बहुतेक मजुरी किराण्यातच संपते अशा कुटुंबाला सोसावी लागणारी महागाई सरासरीच्या आकड्यात पुरेशी उमटत नाही. ही मर्यादा आकडा वाचणाऱ्याने कधीही विसरू नये.

किमती गोळा करण्याचे काम कष्टाचे आहे. २०१२ च्या मालिकेसाठी १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ गावे निवडण्यात आली होती. कर्मचारी ठरलेल्या साप्ताहिक वेळापत्रकाप्रमाणे तेथील ठरावीक दुकानांत जाऊन त्याच प्रतीच्या व त्याच मापाच्या मालाचा भाव नोंदवीत. प्रत बदलली, तर किमतीतील खरा बदल आणि मालातील फरक यांची गल्लत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुमारास या भेटी थांबल्या आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचे काही आकडे अंदाजाने भरून काढावे लागले.

अन्न महागाईत सर्वाधिक चढउतार भाजीपाल्यामुळे होतात. २०१२ च्या मालिकेत कांद्याचा भार जेमतेम ०.६४ टक्का आणि टोमॅटोचा ०.५७ टक्का होता, तरी अवकाळी पावसाने पीक गेले की त्यांचे भाव काही आठवड्यांत दुपटीतिपटीने वाढू शकतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजार समितीच्या कांदा लिलावाकडे देशभर लक्ष असते ते यामुळेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाल्याची वार्षिक महागाई ४२.१८ टक्के, अन्न महागाई १०.८७ टक्के आणि एकूण ग्राहक महागाई ६.२१ टक्के नोंदली गेली. पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अन्न महागाईचा दर उणे ५.०२ टक्क्यांवर आला. यातून खाणे स्वस्त झाले असे अनुमान काढणे घाईचे ठरते, कारण ही घट आधीच्या चढ्या पातळीवरून मोजलेली आहे. दोन्ही दर एकत्र धरले, तर ऑक्टोबर २०२३ च्या तुलनेत अन्न सुमारे पाच टक्के महागच होते. दुसऱ्या बाजूला, भाजीपाल्याचे पडलेले भाव ग्राहकाला दिलासा देतात, पण शेतकऱ्याचा हंगाम तोट्यात घालवू शकतात, आणि ही बाजू ग्राहक निर्देशांकात दिसतच नाही.

मुंबईत या मोजणीचा इतिहास जुना आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ पासून शहरातील कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ हा पाया धरून प्रसिद्ध केला. औद्योगिक कामगारांचा आजचा निर्देशांक केंद्रीय श्रम ब्यूरो काढते आणि महागाई भत्ता त्यावरून ठरतो.

२०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ग्राहक महागाई चार टक्के, दोन टक्के वरखाली, या मर्यादेत राखणे हे पतधोरणाचे, म्हणजे व्याजदर ठरविण्याच्या धोरणाचे, उद्दिष्ट आहे. भाजीपाल्याच्या टंचाईवर व्याजदर हा उपाय नसल्याने अन्नाला या उद्दिष्टातून वगळण्याचा विचार २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत मांडला गेला. त्यातील तर्क समजण्यासारखा आहे. तथापि, खर्चाचा एवढा मोठा हिस्सा ज्यावर होतो तेच बाजूला ठेवले, तर उरलेल्या आकड्याचा लोकांच्या जगण्याशी असलेला संबंध फार क्षीण होईल.

२०२२-२३ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. २०११-१२ मध्ये तो सुमारे ५३ टक्के होता. जुने भार बदलणे त्यामुळे अपरिहार्य झाले, आणि नव्या मालिकेसाठी २०२४ हे पायाभूत वर्ष व २०२३-२४ ची खर्च पाहणी यांची निवड करण्यात आली. जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवर मोफत मिळणाऱ्या धान्याचा प्रश्नही या निमित्ताने पुढे आला. ते धान्य कुटुंब खाते, परंतु त्यासाठी पैसे मोजत नाही. म्हणून किमतींच्या निर्देशांकात त्याला स्थान कसे द्यावे, यावर मंत्रालयाने तज्ज्ञांची मते मागविली.