खेळ होऊन गेल्यावरचं परीक्षण

सोलापूरच्या पेपरात मैफलीबद्दल किंवा नाटकाबद्दल छापून आलेला मजकूर एकदा नीट वाचून बघा. दीपप्रज्वलन कोणी केलं इथून सुरुवात. मग व्यासपीठावरची नावं, प्रास्ताविक, आभार. गायकाने काय गायलं ते शेवटच्या चार ओळींत, आणि त्यातही 'रसिकांना मंत्रमुग्ध केले' हे ठरलेलं. नाटक असेल तर प्रत्येक नटाने 'भूमिकेला न्याय दिला'. न्याय दिला म्हणजे नेमकं काय केलं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. बातमीदाराला दोष देऊन भागणार नाही, कारण या सवयीचं मूळ बरंच जुनं आहे.

विष्णुदास भाव्यांचा सांगलीतला पहिला खेळ 1843 चा, किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात 1880 चं. त्यानंतर संगीत नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. सोलापूरला रेल्वे आली 1860 मध्ये आणि 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली 1877 मध्ये. मुंबई-पुण्याच्या लोहमार्गावरचं, हातात रोख पगार असलेल्या गिरणी कामगारांचं शहर फिरत्या कंपनीला सोयीचंच. पुढे 1884 मध्ये सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूरमार्गे गदगपर्यंत गाडी धावू लागली आणि कर्नाटकातल्या गवयांनाही इकडची वाट जवळची झाली.

कंपनीचा मुक्काम पडे तो काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा. तीच नाटकं पुन्हापुन्हा लागत. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. शनिवारच्या खेळाबद्दल कोणी बरंवाईट लिहिलं, तर पुढच्या बुधवारच्या तिकीटविक्रीवर त्याचा परिणाम होऊ शकत होता. कंपनीचा मालक ते वाचे, नट वाचे, प्रेक्षकही वाचे. लिहिणाऱ्याच्या शब्दाला बाजारात किंमत होती.

आणि लिहायचं तरी कशाबद्दल? गाण्याबद्दल. संगीत नाटकाला कोणी मराठी ऑपेरा म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. युरोपातल्या ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच चालतं आणि स्वर आधी लिहून ठेवलेले असतात. आपल्याकडे संवाद गद्यात, मधेच पद, आणि त्या पदात गायक नट आज कुठे विस्तार करेल याचा नेम नाही. भास्करबुवा बखल्यांनी 1916 मध्ये 'स्वयंवर'ला चाली दिल्या, तेव्हा ख्यालातले राग थेट रंगभूमीवर आले. ज्यांनी कधी उस्तादासमोर बैठक मारली नाही, त्यांना यमन आणि भीमपलास नाटकाच्या तिकिटात ऐकायला मिळाले. सोलापुरात तर घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारी माणसंही मराठी पदांवर माना डोलवत. त्यांचं परीक्षण दोन शब्दांचं होतं: 'वन्स मोअर'.

छापील संगीतसमीक्षेला धार आणली केशवराव भोळ्यांनी. 1930 च्या दशकात 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी नावाजलेल्या गायकांबद्दल गुणदोषांसकट लिहिलं. मोठ्या शहरात हे जमतं. सोलापुरात टोपणनाव नव्या पेठेतल्या दोन चहांच्या पुढे टिकणार नाही.

मग बोलपट आला. पहिला मराठी बोलपट 1932 चा. नाटक कंपन्या एकेक करून बसल्या, मुक्काम संपले आणि परीक्षणाचं कामच गेलं. पुढे 1950 च्या दशकात राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी मंडळींनी रंगभूमी धरून ठेवली. सोलापूर हे तिच्या प्राथमिक फेरीचं केंद्र. पण स्पर्धेत एका संघाचा एकच प्रयोग. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेलं वाचून नाटक बघायला जाणार कुठे? ते वाचतात काम केलेली माणसं, त्यांचे नातेवाईक आणि निकालाकडे डोळे लावून बसलेले इतर संघ. लिहिणाराही बहुतेक त्यांच्यातलाच, पुढच्या वर्षी त्यांच्याच तालमीला जाणारा. तेव्हा नेपथ्य 'सूचक', प्रकाशयोजना 'पूरक' आणि सगळ्यांना न्याय.

याचा अर्थ गावाला कान नव्हते असा नाही. प्रा. श्रीराम पुजारी यांच्याकडे कुमार गंधर्वांसारखे गवई येत. शाळकरी जब्बार पटेल याच सोलापुरात, पुजारी सरांच्या सहवासात वाढले. पुढे 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात त्यांनी 'घाशीराम कोतवाल' उभं केलं. 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना गाजवणाऱ्या फैय्याज सोलापूरच्या. अतुल कुलकर्णींनी सुरुवातीची कामं केली ती इथल्या 'नाट्य आराधना' संस्थेत. अशा माणसांना घडवणाऱ्या गावात तिखट बोलणारे नव्हते असं कसं मानायचं? बोलणं होतं, पण ते तालमीनंतर आणि बैठक उठल्यावर, चपला शोधताना. कागदावर उतरताना ते गुळचट होई.

आता मुंबई-पुण्याची नाटकं एका रात्रीसाठी येतात. ज्यांना जायचं असतं त्यांनी मुंबईच्या पेपरातलं परीक्षण आधीच वाचलेलं असतं, मग स्थानिक बातमीला उरतं फक्त दीपप्रज्वलन. इथलं नाट्यगृह म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिर; हे नाव 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचं. बोलताना सगळे नुसतं 'हुतात्मा' म्हणतात. तिथे मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहिलं, की मागून ऐकू येतं, "काम बरं करतंय पोरगं, पर पयला अंक लईच वढला की ओ." सकाळच्या पेपरात हे वाक्य मी अजून शोधतोय.