जेम्सच्या काळाला ‘जॅकोबियन’ का म्हणतात?

मराठीत हे काम सोपं आहे. शिवाजी महाराजांच्या काळातलं ते शिवकालीन, पेशव्यांच्या काळातलं ते पेशवेकालीन. इंग्रजीतही एलिझाबेथचं एलिझाबेथन, व्हिक्टोरियाचं व्हिक्टोरियन, ओळीने चार जॉर्ज गादीवर बसले त्यांचं जॉर्जियन. इथवर सरळ. पण १६०३ मध्ये पहिला जेम्स इंग्लंडचा राजा झाला आणि त्याचा काळ म्हणे ‘जॅकोबियन’! हा जेकब कुठून उपटला?

तर जेम्स आणि जेकब हे मुळात एकच नाव. मराठी बायबलमधला याकोब तो हाच. हिब्रू नावाचं लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ झालं आणि पुढे लोकांच्या तोंडी ‘याकोमुस’. ब आणि म वर्णमालेत एकाच ओळीत बसतात, दोन्ही ओठ मिटूनच उच्चारायचे. म म्हणताना हवा नाकातून जाते, एवढाच फरक. मग जुन्या फ्रेंचमध्ये मधलं अक्षर झिजलं आणि उरला तो जेम्स. बोलण्यात हे घासलेलं रूप, पण राजाच्या नाण्यांवर लॅटिन ‘याकोबुस’च. विशेषण घडलं ते या भारदस्त रूपावरून.

चार्ल्सचंही तेच. लॅटिनमध्ये तो ‘कारोलुस’, म्हणून पहिल्या चार्ल्सचा काळ कॅरोलाइन आणि दुसऱ्याचा बहुधा कॅरोलियन. अमेरिकेतल्या कॅरोलिनाचं नावही त्यातलंच. बिचाऱ्या अ‍ॅन राणीला मात्र असं रुळलेलं विशेषण मिळालंच नाही. तिच्या काळच्या घरांना नुसतं ‘क्वीन अ‍ॅन’ शैलीची म्हणतात.

ही लेबलं काटेकोर असतात असंही नाही. शेक्सपिअरला आपण बिनदिक्कत एलिझाबेथन म्हणतो, पण ‘मॅकबेथ’ आणि ‘किंग लिअर’ राणी गेल्यानंतरची, म्हणजे चक्क जॅकोबियन. ‘व्हिक्टोरियन’ तर काळ सोडून स्वभावाचंच विशेषण होऊन बसलं. मराठीतही सोवळ्या नीतिकल्पनांना आपण तेच म्हणतो.

मुंबईची गंमत वेगळी. १६६१ च्या विवाहकरारात ती पोर्तुगालकडून दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे इंग्रजी मुंबई जन्माने कॅरोलियन. पण २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत तिच्या इमारती गेल्या त्या ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ आणि आर्ट डेको म्हणून. इकडे २०२२ मध्ये तिसरा चार्ल्स गादीवर आला आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी ‘कॅरोलियन’ पुन्हा माळ्यावरून खाली काढला.