वेताळ कोण आणि वेतोबा कोण

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आणि त्याचे तीन मित्र घरी जमले होते. फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ होता आणि गोष्ट सांगणारा मी. एकाच्या मांत्रिकाकडे मंत्रानं बोलवायचा अग्निजीव होता. त्याचं नाव मी आदल्या रात्री मोठ्या हौसेनं बनवलं होतं : झ्राख्थुल्म. पहिल्या लढाईत मांत्रिकानं हात वर केला आणि अडखळला, "झ्रा... मामा, काय रे ते?" दुसऱ्या लढाईत तो 'आगवाला' झाला. तिसरी लढाई येईस्तोवर चौघांनी मिळून त्याचा 'झाकण्या' करून टाकला होता.

नाव जिभेला जड होतं, हे खरंच. पण त्याआधीची एक चूक मला नंतर उमगली. झ्राख्थुल्म हे त्या जीवाच्या जातकुळीचं नाव, की त्याचं स्वतःचं, हाक मारायचं नाव, हे मी ठरवलंच नव्हतं. ही दोन नावं कागदावर सारखीच दिसतात, पण घडतात वेगळ्या रीतीनं.

आपली भुतं बघा. मुंजा, हडळ, जखीण, खवीस, समंध, गिऱ्हा. ही सगळी जातकुळीची नावं. मुंजा म्हटलं की मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा आणि पिंपळावरचा मुक्काम, हे न सांगता कळतं. गिऱ्हा म्हटलं की पाणी आलंच. म्हणजे जातकुळीचं नाव हा त्या भुताचा दाखलाच असतो : मेलं कसं, राहतं कुठे, धरतं कोणाला. अशी नावं पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून झिजलेली असतात. जखीण ही मुळातली यक्षिणी. खवीस अरबीतल्या 'खबीस'वरून आला, म्हणजे दुष्ट. तेव्हा असं नाव नव्यानं बनवायचं असेल तर ते थोडं झिजवूनच बाहेर काढावं. कोरं करकरीत नाव 'लोक वर्षानुवर्षं याला भितात' असं सांगू शकत नाही.

शिवाय त्याचं अनेकवचन व्हायला हवं. 'पिंपळावर दोन मुंजे आहेत', 'विहिरीवर हडळी जमतात.' झ्राख्थुल्मचं अनेकवचन करून दाखवा.

मराठीत यासाठी एक फुकटची कसोटी आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. फूल, फुलाला, जीव, जिवाला. अशा सामान्यनामाला प्रत्यय लागला की आतला दीर्घ ई-ऊ बहुधा ऱ्हस्व होतो आणि शब्दाला वाकावं लागतं. पण सुनीलला आपण 'सुनिलाला' म्हणत नाही. आजची विशेषनामं वाकत नाहीत. (रामाला, गणपतीला ही जुनी मंडळी वेगळी, त्यांचा मान वेगळा.) आता ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा : 'त्या खविसाला बोलाव.' 'त्या खवीसला बोलाव.' पहिल्या वाक्यात कुठलंतरी भूत आहे. दुसऱ्यात खवीस नावाचा कोणीतरी इसम आहे, बहुधा कट्ट्यावर बसणारा. एका वेलांटीनं भुताचा माणूस झाला. कथा लिहिताना ही वेलांटी सांभाळली नाही तर वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

जातकुळीच्या नावावरून हाकेचं नाव कसं करायचं, हे कोकणानं कधीच सोडवून ठेवलंय. वेताळ ही भुतांची जात. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणाऱ्यालाही आपण नुसतं वेताळच म्हणतो. पण वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत गेलात की तो वेतोबा होतो. गावाचा राखणदार, केळीचे घड घेणारा, रात्री हद्दीवर फिरून चपला झिजवणारा, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, त्याच रांगेतला वेतोबा. शेवटच्या 'बा'नं नातं जोडलं. वेताळाला भ्यायचं असतं, वेतोबाला सांगायचं असतं.

परदेशी खेळांत या दोन नावांची सरमिसळ सर्रास होते, कधी झकास, कधी अंगाशी येणारी. कुराणाच्या २७व्या सूरेत सुलेमानाच्या दरबारात 'जिन्नांपैकी एक इफ्रीत' राणीचं सिंहासन आणून देण्याची तयारी दाखवतो. 'एक' इफ्रीत, म्हणजे ही जात. फायनल फँटसी या जपानी मालिकेत १९९०च्या तिसऱ्या खेळापासून इफ्रीत हा आवाहनानं येणारा एकच एक अग्निदैत्य आहे. हे पचतं, कारण नाव आखूड आहे आणि जपानी पोरांच्या मनात त्याचा आधीचा पत्ता नव्हता. त्याच यादीत 'शिवा'ही आहे, आणि ती बर्फाची बाई आहे! ते वाचून आपण दचकतो. देवाचं नाव रिकामं घर नसतं, आत कोणीतरी राहत असतं. पोकेमॉनमधल्या पिकाचूची गंमत उलटी. चमकण्याचा 'पिका' आणि उंदराचा 'चू' मिळून जात झाली, पण जातीचंच नाव इतकं हाक मारण्याजोगं झालं की दुसऱ्या नावाची गरजच उरली नाही.

आणखी एक गुप्त नाव असतं, ज्यानं जीव ताब्यात येतो. इजिप्तच्या पुराणात इसिसनं सूर्यदेव रा याला सर्पदंश घडवून त्याचं खरं नाव काढून घेतलं. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव आहेच. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे सुरुवातीची १०८ अक्षरं. गुप्त नावांसाठी इतकं तयार कोष्टक दुसरं नाही. त्यात आर्द्रेला 'ङ' येतो, हस्ताला 'ण'. या अक्षरांनी सुरू होणारं मराठी माणसाचं नाव मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूनच ती अक्षरं माणसाबाहेरच्या जिवांसाठी राखीव आहेत असं मी मानतो.

आणि नाव घेण्याची किंमत दाखवायची असेल तर उखाणा आहे. नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नाही, यमकात गुंडाळून घ्यायचं, ही रीत आवाहनाच्या मंत्राला जशीच्या तशी लागू पडते. पुढच्या रविवारी मी मांत्रिकाला अटच घातली : दोन ओळी जुळल्या तर जीव येईल, नाहीतर फेरी गेली. पोरगं पाच मिनिटं 'निखारा'ला यमक शोधत बसलं.

झ्राख्थुल्मची मी वाटणी केली. जातकुळी झाली इंगळ्या, अनेकवचन इंगळे. इंगळ म्हणजे रसरशीत निखारा आणि इंगळी म्हणजे मोठा विंचू, दोन्हींचा चटका फुकटात मिळाला. हाकेच्या नावासाठी वहीत तीन-चार पर्याय लिहिले होते, पण ते वाचायची वेळच आली नाही. यमक जुळल्याबरोबर भाचा खुर्चीवर चढला आणि ओरडला, "झाकोबा, धाव रे!" त्याचं गुप्त नाव मी 'ण'वरून ठेवलंय. ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.