विंडोजची डिस्क लिनक्सवर: ड्रायव्हर आला, दुरुस्तीची साधने राहिली

एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. तिचा पूर्ण तपशील जाहीर झाला नाही. लिनक्सवाल्यांनी डिस्कवरचे बाइट तपासत तो उलगडला. त्यामुळे कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ही डिस्क हाताळणारा जुना ड्रायव्हर वाचायला ठीक होता, पण नवी फाइल बनवणे, खोडणे, नाव बदलणे त्याला जमत नसे. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा दुसरा ड्रायव्हर स्थिर झाला आणि हे सगळे जमू लागले. तो कर्नलबाहेर, फ्यूजमार्फत (कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवू देणारी सोय) चालतो. प्रत्येक मागणी कर्नलमधून बाहेर आणि परत जाते, म्हणून मोठ्या कॉपीला प्रोसेसर तापतो.

खरा वाद २०२० चा. सशुल्क ड्रायव्हर विकणाऱ्या एका कंपनीने ऑगस्टमध्ये आपला कोड कर्नलसाठी खुला केला, तोही सुमारे २७ हजार ओळी एकाच पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या गठ्ठ्यात). एवढे एकगठ्ठा तपासायचे कोणी, असा साहजिक आक्षेप आला. तुकडे झाले, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमध्ये हा ड्रायव्हर एनटीएफएस३ नावाने दाखल झाला. डिस्क तपासून दुरुस्त करणारी साधने मात्र सोबत आली नाहीत. लिहिणारा ड्रायव्हर घ्यायचा आणि दुरुस्तीसाठी विंडोजकडे बोट दाखवायचे, हा सौदा घाईचाच होता. पुढच्याच वर्षी, महिनोन्‌महिने पॅच पडून राहिल्यावर, या ड्रायव्हरला वाली आहे का असे कर्नलच्या मेलिंग लिस्टवर उघड विचारले गेले. तरी २०२४ मध्ये ६.९ कर्नलमधून आधीचा, वाचण्यापुरता ड्रायव्हर काढला गेला.

या सौद्याची झळ लागते ती ‘डर्टी’ खुणेपाशी, म्हणजे डिस्क नीट बंद झाली नाही असे सांगणाऱ्या खुणेपाशी. डिस्क ‘इजेक्ट’ न करता केबल ओढली की ही खूण उरते. विंडोज ८ पासून त्यात फास्ट स्टार्टअपची भर पडली: ‘शट डाउन’ म्हणजे अर्धे हायबरनेशन, विंडोज पूर्ण बंद न होता आपली स्थिती डिस्कवर ठेवून झोपते. अशा हायबरनेट झालेल्या डिस्कला एनटीएफएस-३जी फक्त वाचण्यापुरते जोडतो. डर्टी खूण दिसली तर एनटीएफएस३ सरळ नकार देतो, आणि पडद्यावर येते ती ‘चुकीची फाइल सिस्टिम, खराब सुपरब्लॉक’ अशी दिशाभूल करणारी ओळ. खरे कारण कर्नलच्या लॉगमध्ये असते.

विंडोज हाताशी असेल तर तिथे चेकडिस्क (विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधन) चालवावी. मग शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे किंवा ‘रीस्टार्ट’ करून थेट लिनक्समध्ये यावे. दोन्हींत पूर्ण बंद होते. विंडोज नसेल तर लोक लिनक्सवरच्या एनटीएफएसफिक्स या साधनाला -डी पर्याय देऊन चालवतात. नावात ‘फिक्स’ असले तरी तो मुख्यतः खूण पुसतो, किरकोळ विसंगती सावरतो. चेकडिस्कचे काम तो करत नाही. म्हणून आधी डिस्क ‘आरओ’ पर्यायाने, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, माउंट करून (जोडून) डेटा दुसरीकडे उतरवावा. खूण त्यानंतर पुसावी.