स्टॉप बटण एनसी, म्हणून लॅडरमध्येही एनसी? अजिबात नाही

पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या) प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं सांगितलं जातं की पॅनेलवरचं स्टॉप बटण एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड (दाबलेलं नसताना सर्किट जोडलेलं) असतं, म्हणून लॅडरमध्येही, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत काढलेल्या पीएलसी प्रोग्रॅममध्येही, एनसी कॉन्टॅक्टच काढायचा. हे चूक आहे.

लॅडरमधला कॉन्टॅक्ट म्हणजे बटणाचं चित्र नव्हे. तो फक्त इनपुटचा बिट तपासतो. नेहमीच्या वायरिंगमध्ये एनसी बटण दाबलेलं नसताना इनपुटवर 24 व्होल्ट असतात, एलईडी पेटलेला, बिट 1. बिट 1 असताना पास होतो तो एनओ (नॉर्मली ओपन) कॉन्टॅक्ट, तेव्हा इथे तोच हवा. एनसी काढलात तर स्टॉप दाबून धरून स्टार्ट दिला तरच मोटर फिरेल!

खरा घोळ पुढे होतो. प्रोग्रॅम सुधारायचा सोडून पोरं बटणच बदलून एनओ करतात, म्हणजे दाबल्यावरच सर्किट जोडणारं. सिम्युलेटरवर सगळं झकास चालतं, कारण तिथे वायर निसटत नाही. शॉपफ्लोअरवर निसटली, की स्टॉप कितीही दाबा, मोटर थांबत नाही. एनसी वायरिंगमध्ये मात्र तीच वायर निसटली तर बिट 0 होतो आणि मोटर आपोआप बंद पडते. ट्रेनिंग किटवर ती वायर मुद्दाम काढून बघाच.

आणि इमर्जन्सी स्टॉप? तो साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडायचाच नाही; त्याला सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी लागतो.