व्हर्च्युअल मशीन आणि कर्नल मॉड्यूल: दुखणं कुठून आलं?

लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) नीट चालत असतं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट होतो आणि गेस्ट, म्हणजे तो आतला आभासी संगणक, सुरूच होत नाही. ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ मॉड्यूल (व्हर्च्युअलबॉक्सचा कर्नलमध्ये जोडला जाणारा भाग) लोड नाही, असा संदेश येतो. याचं मूळ एक्स८६ प्रोसेसरच्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरच्या, जुन्या रचनेत आहे.

आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएम/३७० १९७२ मध्येच आलं होतं. पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अट मांडली: मशीनच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना कमी अधिकारात अडलीच पाहिजे, म्हणजे हायपरवायझरला (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) ती पकडता येते. एक्स८६ इथेच कमी पडायचा. ‘पॉपएफ’ ही सूचना घ्या. गेस्टचा कर्नल तिच्यामार्फत इंटरप्ट (प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करायला जातो. अधिकार नसेल तर प्रोसेसर एरर देत नाही, तेवढा बदल गुपचूप गाळतो. गेस्टला वाटतं काम झालं, हायपरवायझरला पत्ताच नाही.

व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये यावर तोड काढली: गेस्टच्या कर्नलचा कोड चालता चालता बदलायचा. त्यासाठी होस्टच्या (खऱ्या संगणकाच्या) कर्नलमध्ये स्वतःचं मॉड्यूल घालावं लागलं. लिनक्स कर्नलचे अंतर्गत इंटरफेस स्थिर नसतात, म्हणून असं बाहेरचं मॉड्यूल त्या त्या कर्नलसाठी कंपाइल करावं, म्हणजे सोर्स कोडपासून नव्याने बांधावं लागतं. जीसीसी, मेक ही कंपाइल करायची साधनं आणि चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर्स (कर्नलच्या इंटरफेसची माहिती देणाऱ्या फाइली) लागतात ते यासाठी.

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय, व्हीटी-एक्स, आणली; २००६ मध्ये एएमडीने एएमडी-व्ही. त्यावर क्युमरानेट कंपनीतल्या अवी किव्हिटी यांनी लिहिलेलं केव्हीएम हे हायपरवायझर मॉड्यूल फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलमध्ये आलं. माझ्या मते खरा बदल हा: मॉड्यूल कर्नलच्याच सोर्समध्ये असल्याने वेगळं कंपाइल करणं संपलं. गेस्टची आभासी डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे क्यूईएमयू हा वेगळा प्रोग्राम सांभाळतो. केव्हीएम वापरायची ‘/डेव्ह/केव्हीएम’ ही फाइल दिसत नसेल, तर आधी फर्मवेअरमध्ये (बायोस/यूईएफआय सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा. दिसूनही परवानगी नाकारली जात असेल, तर युजर ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये आहे का ते तपासा.

व्हर्च्युअलबॉक्स मात्र आपलं मॉड्यूल घेऊनच आलं. डीकेएमएस हे मॉड्यूल बांधणारं साधन असेल तर नव्या कर्नलसाठी ते आपोआप बांधलं जातं, पण हेडर्स नसले की तेही अडतं. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर नोंदवलेल्या कीची सही लागते. शिवाय ६.१२ कर्नलपासून केव्हीएम लोड होताक्षणीच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सचा गेस्ट अडू शकतो. तेव्हा ‘केव्हीएम_इंटेल’ मॉड्यूल काढावं, किंवा बूट करताना केव्हीएमचा ‘एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड’ हा पॅरामीटर ० ठेवावा.